सदर तोंड झाकण्यात यावे

प्रसूतीगृहात 'तोंड' म्हटलं की आम्ही सिस्टर लोक वर बघत नाही, खाली बघतो. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून सांगून टाकते. गर्भाच्या पिशवीला खालच्या अंगाला तोंड असतं. एरवी ते घट्ट मिटलेलं असतं. कळा सुरू झाल्या की हळूहळू उघडतं, आणि पूर्ण उघडलं की बाळाची वाट मोकळी होते. सगळा खेळ त्या तोंडाचा. पाळी बदलायला आलेली सिस्टर "बरी आहेस ना?" असं विचारत नाही, "तोंड किती?" असं विचारते. "दोन बोटं" म्हटलं की ती म्हणते, "मग मी आधी डबा खाऊन घेते." बाहेर बाकड्यावर बसलेला एखादा सासरा हे ऐकून सुनेच्या तोंडात कुणी बोटं घातली म्हणून घाबरून आत डोकवायचा आणि आमच्या शिव्या खायचा.

मी जाधव सिस्टर. संगमेश्वरकडच्या एका बौद्धवाडीतली. आमच्या वाडीत माझ्याआधी कुणी पांढरा युनिफॉर्म घातला नव्हता. नोकरीची शेवटची काही वर्षं राजापूरकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. त्याचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते अजून खुर्चीत आहेत. मी खुर्चीतून उठलेय, पण नसत्या भानगडी कशाला? बाळंतपणं किती केली तेही विचारू नका. मोजत बसले असते तर केली कधी असती?

तर करोना आला आणि त्याच्या मागोमाग कागद आले. रुग्णालयातल्या प्रत्येक व्यक्तीने सदासर्वकाळ तोंड व नाक झाकून ठेवावे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. 'कळा देणारी बाई सोडून' एवढे चार शब्द लिहायला शाई संपली असावी. मास्कला माझा विरोध नव्हता, हे नीट ऐकून घ्या. मी स्वतः एकावर एक दोन बांधायचे. आमच्यातली एक सिस्टर त्या साथीत गेली, आमच्याबरोबर डबा खाणारी. तेव्हा मला कुणी करोना शिकवायचं कारण नव्हतं. पण कळा देणारी बाई म्हणजे बँकेच्या रांगेत उभी असलेली बाई नव्हे, हे त्या कागदाला कुणी सांगावं? ज्याला शंका असेल त्याने तोंडाला मास्क बांधून विहिरीतून एका दमात वीस कळश्या ओढाव्यात, आणि शेजारी कुणीतरी उभं राहून ओरडावं, "नाकावर घ्या, नाकावर घ्या!"

शिवाय आमचा धंदा चेहऱ्यावर चालतो. ओठ सुकले की पाणी पाजायचं. दातांवर दात आले की कळ आली. 'आई गं' म्हणणारी बाई अचानक घशातून घुमल्यासारखी कण्हायला लागली की हातमोजे चढवायचे, बाळ जवळ आलं. आणि ओठ पांढरे पडले की बाकी सगळं टाकून पळत सुटायचं, कारण कुठेतरी रक्त जातंय. हे कुठल्याही यंत्राआधी ओठ सांगतात. मी शिकाऊ होते तेव्हा आमच्या जुन्या सिस्टर म्हणायच्या, "बाई खोटं बोलेल, ओठ बोलायचे नाहीत." आणि तेच नेमके झाकायचे होते.

नियमाची अंमलबजावणी बघायला एक साहेब नेमले होते. त्यांचं मूळ खातं सांगत नाही. एवढंच सांगते की तोवरचं त्यांचं आयुष्य खडी आणि डांबर यांच्या सहवासात गेलं होतं. आम्ही त्यांना मास्कसाहेब म्हणायचो. रोज सकाळी अकराला त्यांचा फोन यायचा. विभागवार तोंडं झाकलेली किती, उघडी किती, हे त्यांना तक्त्यात भरून वर पाठवायचं असायचं. त्यांचं वरचं कोण, त्या वरच्याचं वरचं कोण, देव जाणे.

एके दिवशी अकराला पूर्णगडची रेश्मा टेबलावर होती. कोळ्यांची पोर, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की खाडीच्या पलीकडून होडी बोलवावी. पहिली मोठी कळ आली तेव्हाच तिने मास्क ओरबाडून लांब भिरकावला होता. आमच्या लीलामावशी, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाई, तो उचलून तिच्यापुढे धरत म्हणाल्या, "बाये, सायब रागावतात गो."

"तुमच्या सायबाला हितं आणून झोपवा!" रेश्मा गरजली. "मग त्याच्या तोंडाला बांधा ता फडका! मना दम घुसमटतोय हितं!"

मी म्हटलं, राहू दे मावशी, खिडकी उघडा. तेवढ्यात फोन वाजला. माझे दोन्ही हात अडकलेले. मावशींनी स्पीकर लावून फोन माझ्या कानाशी धरला.

"प्रसूती विभाग. पेशंटचं तोंड?" साहेब म्हणाले.

त्या क्षणी माझ्या डोक्यात साहेब नव्हते, तक्ता नव्हता. तोंड म्हटल्यावर मी सवयीने उत्तर दिलं, "पूर्ण उघडलंय."

"पूर्ण?"

"पूर्ण. अर्धा तास होत आला."

"अर्धा तास! आणि तुम्ही काय करताय?"

"वाट बघतोय."

"वाट? कसली वाट?"

"डोकं दिसायची."

मग साहेबांचा आवाज चढला. "सिस्टर, ते तोंड ताबडतोब झाका!"

"आता कसं झाकणार साहेब? आता ब्रह्मदेव आला तरी ते मिटायचं नाही."

"तुम्ही नकार देताय?"

"मी कोण नकार देणार? बाळ यायचंय त्यातून!"

मावशींच्या आधी लक्षात आलं. त्या फोन धरल्याधरल्या हसू दाबताना अशा हलायला लागल्या की फोन माझ्या कानावर आपटायला लागला. तेवढ्यात रेश्माने आरोळी ठोकली, डोकं दिसलं, मावशींनी फोन ट्रेमध्ये टाकला, आणि पाच मिनिटांत गोरागोमटा मुलगा बाहेर. रडला तोही आईच्याच आवाजात. साहेबांनी पलीकडून किती ऐकलं कोण जाणे.

चार दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. तिच्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. 'प्रसूती कक्षातील महिला रुग्णाचे तोंड अर्ध्या तासापासून पूर्ण उघडे असल्याचे आपण दूरध्वनीवर कबूल केले असून, सदर तोंड तात्काळ झाकण्यात यावे अशी सूचना देऊनही आपण ती धुडकावून लावली.' आम्ही ड्यूटीरूममध्ये ते मोठ्याने वाचलं आणि हसून हसून पोटात दुखायला लागलं. कितीतरी दिवसांनी आम्ही तशा हसलो होतो. मी लगेच कागद ओढला आणि उत्तर लिहिलं, 'सदर तोंड चेहऱ्यावरील नसून गर्भाशयाचे होते. ते झाकण्याचा शासननिर्णय निघाल्यास त्याची प्रत मिळावी.'

आमचे डॉक्टर देशावरचे, माझ्या मुलाच्या वयाचे. माणूस गुणी. त्यांनी उत्तर वाचलं, हसू दाबलं आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "सिस्टर, हे पाठवू नका. गैरसमज होता असं सांगायला जाल तर ते विचारतील, मग खरं तोंड झाकलेलं होतं का? ते तर नव्हतंच. तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने आहेत. चौकशी लागली तर सगळे कागद अडकतील. एका ओळीत माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

आणि मी, जी डॉक्टरांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगणारी म्हणून जिल्ह्यात बदनाम होते, मी मुकाट्याने लिहिलं, 'यापुढे दक्षता घेण्यात येईल.' खाली सही केली. घाबरले होते, दुसरं काय? तेव्हा वाटलं, एका ओळीने कुणाचं काय बिघडतंय?

त्या ओळीप्रमाणे मी वागले, ही खरी चूक.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी अस्मिता आली. आतल्या गावची, शेतकरी घरातली, पहिलटकरीण. नवरा मुंबईत कंपनीत, गाड्या बंद म्हणून तिकडेच अडकलेला. बरोबर सासू, तिलाही फाटकाबाहेर ठेवलेलं. पोर एकटी आत आली, कपड्यांची पिशवी छातीशी धरून. अशी गरीब की टेबलावर चढायलासुद्धा परवानगी मागितली. मी तिचा मास्क नीट नाकावर बसवला आणि सांगितलं, "हे बघ बाय, इथे फार कडक आहे हल्ली. तोंड बंद ठेवायचं. काही झालं तरी उघडायचं नाही. समजलं?"

तिने मान डोलावली.

मी सांगते तुम्हाला, एवढी शांत बाळंतीण मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. कळ आली की टेबलाची कड धरायची, डोळ्यांतून पाणी काढायची, पण ब्र काढायची नाही. मी आणि मावशी तिचं कौतुक करत होतो. पूर्णगडवाली कुठे आणि ही कुठे! अकराचा फोन होऊन गेला होता, तरी मी मास्क ठेवला. दक्षता. दुपारी तीनच्या सुमारास मुलगी झाली. नाळेबरोबरची वार पडली, पोटावरून हात लावून बघितलं तर पिशवी नारळासारखी कडक. म्हणजे उत्तम. बाळंतपणानंतर पिशवी आवळली की रक्त थांबतं. ती सैल पडली की नळ सोडल्यासारखं जातं. कपडा बघितला, जेमतेम डाग. मी निश्चिंत झाले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर दुसरी बाई आली, तिचं घाईचं होतं. मी तिकडे वळले.

अर्ध्या तासात दोनदा मागे वळून बघितलं. अंगात तो प्लास्टिकचा झगा, डोळ्यांवर चष्मा, आणि चष्म्यावर पेजेच्या टोपावरच्या झाकणासारखा घाम साचलेला. मला काय दिसलं? निळा मास्क आणि मिटलेले डोळे. म्हटलं, दमलीय, झोपलीय. कपड्यावर रक्त नाही. झोपू दे.

लीलामावशी तिला चहा पाजायला गेल्या. चहासाठी मास्क खाली ओढला आणि कप हातातून सुटला. "सिस्टर! हिचे ओठ बघा गो! चुन्यावानी झालेत!"

मी पळाले. पोटावर हात ठेवला तर पिशवी मिळेना, सगळं गुबगुबीत. दाबली, आणि रक्ताची ही एवढी गाठ बाहेर आली, तिच्यामागून रक्ताचा लोट. पिशवी सैल पडलेली आणि तिच्या तोंडाशी ती गाठ बुचासारखी अडकलेली. म्हणून बाहेर डाग नाही, सगळं आतल्या आत साठत होतं. खालच्या तोंडाला बूच आणि वरच्या तोंडाला मी माझ्या हाताने बांधलेला मास्क.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. पिशवी मुठीत धरून चोळली, इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाइन लावलं, डॉक्टर स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसले. रत्नागिरीपर्यंत मी तिची पिशवी दाबून धरलेली. हातखंब्याजवळ तिची मान एकदा कलंडली. मी चष्मा काढून फेकला आणि तिच्या ओठांकडे बघत राहिले. सगळा रस्ता मी दुसरं काही बघितलं नाही. ती वाचली. पण पिशवी काढावी लागली. बावीस वर्षांची पोर.

सगळा दोष मास्कवर ढकलायला मी काही कागद लिहीत नाहीये. दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवायचा असतो, हे मीच शिकाऊ पोरींना घोकवून घेतलेलं. तो हात मी ठेवला नाही. पण मास्क नसता तर शेजारच्या टेबलावरून नुसती मान वळवून मला ते ओठ दिसले असते, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला.

"प्रसूती विभाग. कालच्या पेशंटचं तोंड?"

"झाकलेलं होतं साहेब. शेवटपर्यंत."

"व्हेरी गुड!" साहेब म्हणाले. "बघा, मनावर घेतलं की जमतं."

मी फोन ठेवला आणि भांडारखोलीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं, प्रसूतीगृहात आले आणि टेबलावरच्या बाईचा मास्क काढून कचऱ्यात टाकला. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत आमच्या टेबलावर एकाही बाईने मास्क लावला नाही. आम्ही दोन-दोन लावले, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, बाईच्या तोंडापासून जमेल तेवढं बाजूला उभं राहिलो. आणि रोज अकराला मी गोड आवाजात सांगायचे, "सगळी तोंडं झाकलेली साहेब." तोवरच्या सगळ्या नोकरीत बोलले नसेन इतकं खोटं मी त्या शेवटच्या महिन्यांत बोलले. गंमत म्हणजे, खरं बोलल्याबद्दल नोटीस मिळाली होती. खोट्याचं काय मिळालं? प्रशस्तिपत्र! तालुक्यातला सर्वात शिस्तबद्ध विभाग. साहेब स्वतः द्यायला आले, प्रसूतीगृहाच्या दारापर्यंत. आत एक बाई आपल्या नवऱ्याचा, दिराचा आणि गावच्या सरपंचाचा मनसोक्त उद्धार करत होती. साहेब कान देऊन ऐकत राहिले.

"मास्कमधून आवाज एवढा स्पष्ट येतो?" त्यांनी विचारलं.

"कोकणातल्या बायका साहेब," मी म्हटलं. "खणखणीत आवाज असतो."

आत येऊन बघावंसं त्यांना वाटलं नाही. दारातच फोटो काढला आणि गेले. ते प्रशस्तिपत्र घरी आहे, कपाटात साड्यांच्या खाली. भिंतीवर लावायची हिंमत झाली नाही.

साहेबांच्या त्या नोटिशीचा किस्सा मात्र मी मिरवला. निरोपसमारंभात सांगितला, लग्नांत सांगितला, नणंदेच्या घरी सत्तरीच्या जेवणावळीत सांगितला. प्रत्येक वेळी लोक लोटपोट. एवढा शिकलेला माणूस आणि तोंड कुठलं ते कळू नये! अस्मिताचं कुणाला सांगितलं नाही.

या वर्षी गणपतीच्या आधी राजापूरच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून काहीतरी बोलले, तशी बाजूची एक बाई वळली. हाताशी पाच-सहा वर्षांची मुलगी, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, अखंड बडबडत असलेली.

"तुमी जाधव सिस्टर ना?" ती म्हणाली. "चेहरा कदी बघलाच नाय तुमचा. आवाजावरना वळाखला. मी अस्मिता."

मी तिच्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, आधी ओठच बघितले. चांगले लाल होते. तिने मुलीला पुढे ढकललं. "पाया पड गो सिस्टरांच्या. ह्यांनी वाचवला आपल्याला."

मी मुलीला मध्येच धरलं. म्हटलं, "पाया नको. अस्मिता, मी वाचवलं नाही गो. माझंच चुकलं. तू जात होतीस आणि मला कळलं नाही. झोपलीयस असं वाटलं मला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे मी मोठ्याने बोलले, तेही स्टँडवर.

"तुमचा काय चुकला?" ती सहज म्हणाली. "मी झोपले नव्हते. डोळ्यांफुडं काळोख येत व्हता, कान वाजत व्हते. तुमी दोनदा बघलात माज्याकडं. मना हाक मारायची व्हती. पन तुमीच सांगितलेला ना, हितं कडक हाय, तोंड बंद ठेवायचा, काय झाला तरी उघडायचा नाय. म्हनून गप ऱ्हायले."

मी मास्कबद्दल बोलले होते. नुसत्या मास्कबद्दल. पण ते मी त्या पोरीला कुठे सांगितलं होतं? तोंड म्हटलं होतं. साहेबांना मी सगळ्या जिल्ह्यात हसले, आणि त्यांच्या चुकीने एक नोटीस निघाली, बस्स. माझ्या शब्दाने ही पोर कळा देतानाही गप्प राहिली आणि मरतानाही गप्पच राहणार होती. मी त्या गप्प राहण्याचं कौतुक केलं होतं. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नाही.

तिची गाडी लागली. मुलीचं चाललंच होतं, खिडकीजवळ मीच बसणार, आणि मला कुरमुरे हवेत, आणि ही बाई रडतेय का गो आये?

"किती बोलशील!" अस्मिताने तिला दटावलं. "तोंड बंद ठेव बगू जरा."

"नको!" मी एवढ्याने ओरडले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "तिला बोलू दे, अस्मिता. हवं तेवढं बोलू दे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे, आणि पुन्हा कुरमुऱ्यांवर आली. मी जाऊन कुरमुरे घेतले आणि खिडकीतून तिच्या हातात दिले.